शेवटचं पाणी

३ फेब्रुवारी

काका,

पाकीट उलटंपालटं करून कोणाचं म्हणून बघत बसू नका. मी भिंगरी, तुमच्या भागीदाराची मुलगी. तुम्ही फळ्यांची शेड सोडून गेलात तेव्हा मी शाळेत होते आणि तुमच्या खिशातल्या पेन्सिली चोरायचे. आता स्वतःच्या पगारातून पेन्सिली घेते. फोनच करणार होते, पण आई म्हणाली की मशीनच्या आवाजाने तुमचे कान गेलेत आणि फोनवर तुम्ही सगळ्याला नुसतं ‘हो हो’ म्हणता. म्हणून हा जुना मार्ग.

बाबा गेल्याचा निरोप आईने तुमच्या लेकीकडे दिला होता, तो मिळाला असेलच. नोव्हेंबरात गेले. आता आम्ही दोघी शेड आवरतोय. आवरतोय म्हणजे आई एक वस्तू उचलते, बघते आणि पुन्हा तिथेच ठेवते. मी केर काढते.

परवा मागच्या फळीवर, बाबांच्या निळ्या शर्टात गुंडाळलेलं एक पातं सापडलं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, पातं म्हणजे काय? तिला म्हटलं, अगं, मी शिडाच्या ज्या फळीवर उभी राहून तळ्यावर पळते ना, तिच्या पोटाखाली, शेपटीकडे सुरीसारखं एक असतं. ते पाण्यात रुतून राहतं म्हणून फळी आडवी न घसरता सरळ पळते. दुकानात त्याला फिन म्हणतात. ती म्हणाली, मग तुम्ही पातं का म्हणता? मी म्हटलं, बाबा म्हणायचे म्हणून.

तर हे पातं लांब आहे, सडपातळ आहे आणि अर्धवट आहे. आकार झालाय, वरचा रेझिनचा लेप सुकलाय, पण अंग खरखरीत. एप्रिलमध्ये तळ्यावर वेगाची शर्यत असते. मला यावर्षी याच पात्यावर पळायचंय. बाबांचं हे शेवटचं, दुसरं काही होणार नाही, त्यामुळे बिघडलं तर बिघडलंच. किनाऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, आरशासारखं चमकव, पाणी घसरून जाईल, पॉलिशचं मशीन मी देतो. मशीन आणून ठेवलंय. दुसरा एक जण म्हणतो, चमक वाईट, मॅटच ठेव. मी दोघांच्या मधे उभी आहे. तुम्ही सांगाल ते करीन.

तुमची,
भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरी,

आधी ते मशीन परत देऊन ये. मग पुढचं वाच.

दिलंस? बरं.

निरोप मिळाला होता. वहिनींना पत्र लिहायला घेतलं, पण पहिल्या ओळीच्या पुढे गाडी हलेना. असे बरेच कागद फाडले. लेक म्हणाली, बाबा, रद्दीवाला तुमच्यावर खूश आहे. तेव्हा माझं उत्तर आलं नाही याचा राग वहिनींनी धरू नये. मला लिहिता आलं नाही, एवढंच खरं.

आता चमकीचं. चमक डोळ्यांसाठी असते, आणि पाण्याला डोळे नसतात. त्याला फक्त हात असतो. फळी पळायला लागली की पाण्याचा एक अगदी पातळ थर तिच्या अंगाला चिकटून तिच्याबरोबरच चालतो. बारीक ओरखडे त्या थराखाली झाकून जातात, बाहेरच्या पाण्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. म्हणून चारशे नंबरच्या खरखरीत कागदाने घासलेली मॅट फळी आणि आरशासारखी फळी, दोन्ही सारख्याच पळतात. मॅट जास्त पळते म्हणणारेही भेटतील. मला तसं कधी दिसलं नाही. पण अंगावर कुठे फुगवटा असेल, खळगा असेल, तर तो पाण्याला लगेच कळतो. मग तू वरून कितीही चमकव. वरून कीर्तन आणि आतून तमाशा.

आमच्याकडे एक दातांचे डॉक्टर यायचे. त्यांना फळी अशी हवी होती की तिच्यात वाकून बघितलं तर स्वतःचे दात दिसावेत. तुझा बाप म्हणाला, देऊ. दिली. त्या वर्षी शर्यतीत शाळेच्या व्यायामाच्या मास्तरांनी ओरखड्यांनी भरलेल्या फळीवर त्यांना पाणी पाजलं. डॉक्टर भांडायला आले. तुझ्या बापाने त्यांची फळी खिडकीपाशी उभी केली आणि म्हणाला, यात खिडकीचे गज बघा. गज मधेच वाकडे दिसत होते. पोटात खळगा होता. चमकीचा उपयोग झाला तो एवढाच. फळी दुसऱ्याच कारागिराने केलेली, आमच्याकडे फक्त चमकवायला आली होती, हेही तो डॉक्टरांना ऐकवल्याशिवाय राहिला नाही.

तो गजांत बघून खळगा शोधायचा आणि मी डोळे मिटून तळहाताने. आमची पैज लागायची. शेडमध्ये रेझिनचा तो गोडसर उग्र वास, पत्र्यावर ऊन तापायचं, कडकड वाजायचं, रेडिओ लावलेला असायचा आणि मशीनमुळे त्यातलं काही ऐकू यायचं नाही. तरी कोणी बंद केला की आम्ही दोघेही ओरडायचो. मला इथे लेकीकडे सगळं आहे, शांतता तर नको इतकी आहे. पण तळहाताला काम नाही. सकाळी उठून जेवणाच्या टेबलावरून हात फिरवतो. लेकीला वाटतं धूळ बघतो.

तू पण पात्यावरून हात फिरव. डोळे मिटून, पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे. कुठे काय लागतं ते लिही. कागद अजून लावू नकोस.

एक विचारायचं होतं. मी शेड सोडली ती डॉक्टरने फुप्फुसं बघून, धूळ बंद म्हणून बजावलं तेव्हा. पण तुझ्या बापाला ते पटलं नाही. त्यानंतर त्याने मला पत्र टाकलं नाही आणि मीही ताठ बसलो. मधली वर्षं अशीच गेली. शेवटी त्याने माझं नाव काढलं होतं का? काढलं नसेल तर तसंच लिही, गोड करून लिहू नकोस.

काका


२ मार्च

काका,

उत्तराला उशीर झाला, कारण मी ठरवलं की तुमचं खरं-खोटं करूनच लिहायचं. रागावू नका, मुलगी कोणाची आहे ते बघा.

माझ्या फळीचं पोट आधी चकाचक केलं, हाताने. मैत्रिणीला काठावर बसवलं. मनगटावरच्या घड्याळात वेग दिसतो. एकाच टप्प्यावर, एकाच वाऱ्यात पळत राहिले. मग बाहेर येऊन चारशे नंबरचा कागद पाण्यात बुडवून, नाकापासून शेपटीकडे घासून पोट मॅट करून टाकलं आणि पुन्हा पळाले. फरक सापडेना. जो होता तो झुळकेचा होता, चमकीचा नव्हता. मैत्रीण म्हणाली, म्हणजे एवढी चमक उगाच काढलीस? मी म्हटलं, हो, शिकायला. ती म्हणाली, तुमच्या घरात सगळेच असे आहेत का?

पात्यावर डोळे मिटून हात फिरवला. पहिल्या दिवशी काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने फिरवला आणि लगेच म्हणाली, डावीकडे, वरच्या बाजूला, पुढच्या कडेच्या जरा मागे फुगीर आहे. तिने आयुष्यात कधी पातं घासलं नाही. भाकरी थापणाऱ्या हाताला कळतं म्हणाली. मग मलाही लागलं. पुढच्या कडेवर नखाएवढा एक टवकाही आहे.

आणि एक विचारते. बाबांची पाती पळताना गुणगुणतात. जोर धरला की पायाखालून एक बारीक सूर येतो, फळीतून थेट हाडांत. तळ्यावर सगळे ओळखतात. लांबून आवाज आला की म्हणतात, ती बघा, त्यांचं पातं आलं. मला लहानपणापासून वाटायचं, वेगाचा आवाज तोच. या पात्यालाही तो सूर यायला हवा. तो कसा आणायचा?

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. गोड करू नको म्हणालात म्हणून सरळ लिहिते. नाही काढलं नाव. आईलाही विचारलं. ती म्हणाली, नाही.

खरं तर शेवटी ते फार बोललेच नाहीत. ऑपरेशन झालं होतं, तोंडाने काहीही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि बाबा पाणी पाणी करत होते. आई नुसता ओला कापूस ओठांना लावायची. शेवटी तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आईला ते लागून राहिलंय. जाणाऱ्या माणसाला मी घोटभर पाणी दिलं नाही, तो माझ्यावर रुसून गेला, म्हणते. जेवताना स्वतःचा ग्लास भरते आणि भरलेलाच उचलून ठेवते. मी बघितलं की म्हणते, तहान नाही. नंतर स्वयंपाकघरात उभ्याने, नळाखाली ओंजळ धरून पिते. त्यावर काय करायचं मला कळत नाही.

भिंगरी


११ मार्च

भिंगरी,

नाही काढलं म्हणतेस. बरं. खरं लिहिलंस हे चांगलं केलंस. वाईट वाटलं, पण वाटायचंच होतं.

वहिनींना काय सांगू? डॉक्टरने मनाई केली होती, त्यात त्यांचा काय दोष? पण हे त्यांना दहा जणांनी सांगून झालं असेल. आणि त्यांच्या हाताला फुगवटा लागला हे वाचून मी एकटाच हसलो. शेडमध्ये त्यांना आम्ही कधी घेतलं नाही, केवढा गाढवपणा.

आता कामाचं बोलू. नीट वाच आणि आपल्या मनाने फाटे फोडू नकोस.

आमच्या शेडमध्ये ओल्या कागदाने घासायच्या प्रत्येक फेरीला आम्ही ‘पाणी’ म्हणायचो. पहिलं पाणी, दुसरं पाणी, असं. बाहेर कोणी असं म्हणत नाही, उगाच दुकानदाराला सांगायला जाशील तर तो तुला ग्लास आणून देईल.

पहिल्या पाण्याआधी टवका रेझिनने भरून घे आणि पूर्ण सुकू दे. मग सगळ्या अंगावर पेन्सिलने रेघोट्या मार. माझ्याकडून चोरलेल्या असतील तर उत्तम. दोनशे वीस नंबरचा कागद रबराच्या ठोकळ्याला गुंडाळ, बादलीत बुडव, पाण्यात साबणाचा एक थेंब टाक. घासत गेलीस की उंचवट्यावरच्या रेघा आधी जातील आणि खळग्यातल्या मागे राहतील. सगळ्या रेघा एकदमच जायला लागल्या की समजायचं, अंग एकसारखं झालं. घाई केलीस तर फुगवट्याचा खळगा होईल, आणि काढलेलं परत लावता येत नाही. दुसरं पाणी चारशेचं, तिसरं सहाशेचं, नंबर वाढेल तसा कागद बारीक. पाणी पात्यावरून ज्या दिशेने जाणार त्याच दिशेने हात चालला पाहिजे, पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे.

फळीला चारशेवर थांबलं तरी चालतं. पात्याला चालत नाही. यावर आमचं भांडण व्हायचं. मी म्हणायचो, चारशे पुरे. तो म्हणायचा, फळी पळताना पाण्याला जेमतेम टेकते, पातं सबंध बुडालेलं असतं, सगळा भार त्याच्यावर, तिथे हयगय नको. त्याचंच बरोबर होतं. हे मी त्याला तोंडावर म्हटलं असतं तर तो आठवडाभर मिरवला असता, म्हणून म्हटलं नाही.

ही तीन पाणी तो द्यायचा. शेवटचं पाणी मात्र नेहमी माझं. हजार नंबरचा मऊ पडलेला कागद, ठोकळा नाही, नुसती बोटं, आणि लक्ष सगळं मागच्या कडेवर. ती कड पातळ असते, जोर लागला की गोल होते. तुझ्या बापाचा हात जड. मी त्याला रंधा म्हणायचो. माझा हलका म्हणून तो मला कापूस म्हणायचा. तीन पाणी झाली की पातं बादलीवर आडवं ठेवून तो ओरडायचा, ‘कापूस कुठंय? शेवटचं पाणी राहिलंय!’ मशीनच्या आवाजावर आवाज चढवून. ही नावं शेडपुरतीच हं. घरी, वहिनींसमोर आम्ही दोघेही सभ्य माणसं होतो.

गुणगुणण्याचं म्हणशील तर तो सूर आणायचा नसतो, घालवायचा असतो. मागची कड नीट झाली नसेल तर तिच्यामागे पाणी थरथरतं आणि पातं वाजतं. वेगाने पळणारं पातं गप्प असतं. आमच्या वेळची आमची पाती गप्पच होती. मी गेल्यावर तुझ्या बापाने वाजणारी पाती लोकांना कशी दिली, कोण जाणे. असं अर्धवट काम तो बाहेर जाऊ देणारा नव्हता. वयाने आळशी झाला असेल.

शेवटचं पाणी तू दे. हात हलका ठेव. वहिनींनी दिलं तरी चालेल.

काका


१५ मार्च

कापूसकाका,

पत्र काल संध्याकाळी आलं. जेवणाच्या टेबलावर मी आईला वाचून दाखवत होते. तुमच्या ओरडण्यापर्यंत आले आणि आईने माझा हात धरला. म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.

काका, बाबा दवाखान्यात नुसतं ‘पाणी’ म्हणत नव्हते. मी तुम्हाला थोडक्यात लिहिलं होतं, कारण पूर्ण वाक्याला काही अर्थ लागत नव्हता. ते म्हणत होते, ‘शेवटचं पाणी राहिलंय.’ आम्हाला वाटलं, त्यांना कळलंय की आपण जाणार, म्हणून शेवटचं घोटभर मागतायत. आईला ते ऐकवत नव्हतं. ती म्हणायची, असं बोलू नका हो. आणि मग ते विचारायचे, ‘कापूस कुठंय?’

नर्स म्हणाली, आहे, आहे, आणते. तिने कापूस आणला. आईने ओला करून त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी मान हलवली. पुन्हा तेच, ‘कापूस कुठंय?’ आईने आणखी ओला केला. आम्हाला वाटलं, एवढ्याने त्यांची तहान भागत नाही. शेवटी त्यांनी ओठ मिटून घेतले.

तुम्ही विचारलं होतंत, नाव काढलं का. मी लिहिलं, नाही. काका, ते दुसरं काही बोलतच नव्हते. दोन दिवस ते तुम्हालाच हाक मारत होते आणि आम्ही त्यांच्यासमोर कापूस नेऊन धरत होतो.

आई खूप रडली. मग मधेच हसली. म्हणाली, म्हणजे मी पाणी दिलं नाही म्हणून नाही ना रुसले? मी म्हटलं, नाही गं, कापूस लावत राहिलीस म्हणून वैतागले असतील. असा सगळा प्रकार. डोळे पुसून तिने ग्लास भरला आणि टेबलापाशी बसून प्यायली. पूर्ण. मी बघत होते तर म्हणाली, काय बघतेस, तहान लागली होती.

पहिली तीन पाणी मी देते. चौथ्याला हात लावणार नाही. ते कोणाचं आहे ते बाबांनी सांगून ठेवलंय.

भिंगरी


२० मार्च

भिंगरी,

पत्र वाचून मी बाहेर जाऊन बसलो. लेकीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझ्या भागीदाराने बोलावलंय.

मी निघालो त्या दिवशी तो बसस्टँडवर आला होता. माझी बॅग टपावर चढवली, खाली उतरला आणि म्हणाला, आता शेवटचं पाणी कोण देणार? मला वाटलं, टोमणा मारतोय. मी म्हटलं, तूच दे की. तो म्हणाला, ते माझं काम नाही. बस सुटली. तो टोमणा मी एवढी वर्षं मनात धरून बसलो.

मागच्या पत्रात त्याला आळशी म्हटलं. आळशी नव्हता तो. त्याला कड करता येत नव्हती असंही नाही, जड हाताचा माणूससुद्धा जपून करू शकतो. त्याने केली नाही. माझी फेरी त्याने दुसऱ्या कोणाला दिली नाही आणि स्वतःही घेतली नाही. तीन पाणी देऊन तो पातं तसंच बाहेर पाठवत राहिला, वाजलं तर वाजलं. आणि मी इथे जेवणाचं टेबल चाचपत होतो.

मी येतोय. लेक कटकट करते आहे, धूळ, फुप्फुसं, प्रवास. तिला सांगितलं, ओल्या कामात धूळ उडत नाही. हात थोडा थरथरतो, पण चमचा धरताना थरथरतो. कागद धरल्यावर काय करतो ते बघायला हवं.

वहिनींना सांग, यावेळी शेडमध्ये एक खुर्ची त्यांचीही मांडायची.

तुझा,
कापूस


२९ एप्रिल

कापूसकाका,

शेवटचं पाणी देऊन झाल्यावर शर्यतीसाठी तुम्ही आठ दिवस तळ्याकडे बघत बसलात आणि वारा आला नाही. लेकीचा तिसरा निरोप आला म्हणून बसमध्ये बसलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिडं उभी करता येईनात एवढा वारा सुटला. आई म्हणाली, यांचं हे पहिल्यापासून असंच.

तर शर्यत झाली. तुम्ही असतात तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं, म्हणून लिहून कळवते. पातं गप्प होतं. टप्प्याच्या सुरुवातीला जोर धरला तेव्हा मी नेहमीच्या सुराची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. क्षणभर वाटलं, पातं निखळून पडलं की काय. पायाखाली फक्त पाणी होतं आणि फळी आपसूक पुढे जात होती, कोणी अडवत नसल्यासारखी. मी आजवर कधी एवढ्या वेगाने पळाले नव्हते. पहिली मात्र बेकरीवाल्याची मुलगी आली. ती अंगाने भक्कम आहे, त्या वाऱ्यात तिला मोठं शीड पेलतं. मी दुसरी. उतरल्यावर तिने माझ्या पात्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, हे कोणी केलं? मी म्हटलं, दोघांनी.

तुम्ही बादलीपाशी बसून बोटांनी कड घासत होतात, तेव्हा आई खुर्चीवर बसून तुमच्या हातांकडे बघत होती. तुम्ही मान वर केली नाहीत म्हणून सांगते. तुमचा हात थरथरत नव्हता. आई नंतर म्हणाली, त्यांनी मला खुर्ची दिली, पण मला आणखी एक मांडावीशी वाटत होती. मला पण.

दुकानदार येऊन गेला. बाबांची जुनी पाती तळ्यावर बऱ्याच जणांकडे आहेत. तुम्ही आलात हे कळल्यावर आता सगळे विचारतायत, आमच्या पात्याची कड करून देतील का. आठ-दहा तरी जमतील. पावसाळ्याआधी या. शेडला कुलूप लावलेलं नाही. रेडिओ मी दुरुस्त करून आणलाय, त्यातलं काही ऐकू येत नाही, पण चालू असतो.

एक सांगायचं आहे. माझं स्वतःचं जुनं पातं, मी पहिल्यांदा पळायला शिकले तेव्हा बाबांनी दिलेलं, खिळ्याला टांगलेलं असायचं. शर्यत संपल्यावर, संध्याकाळी, आई म्हणाली, एकदा ते लाव. मी लावलं आणि काठाकाठाने पळाले. ते नेहमीसारखं गुणगुणायला लागलं. आई काठावर बसून ऐकत होती. मी परत आले तर म्हणाली, इतकी वर्षं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हा आवाज ऐकत होते गं, आणि मला वाटायचं पातं गातंय.

मलाही तसंच वाटायचं. आता कळतं की बाबांचं प्रत्येक पातं या तळ्यावर तुम्हाला हाक मारत फिरत होतं.

तेव्हा याल तेव्हा बाकीची सगळी पाती घासा. माझं ते जुनं तेवढं टांगलेलं राहू द्या. त्याचं शेवटचं पाणी राहू दे.

तुमची,
भिंगरी